कुणाशी खेळायचं?

बत्तीस वर्षं मी एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाचा जिमखाना सांभाळला. एवढ्या वर्षांत, एक अपवाद सोडला तर, आमच्या मुलांनी कुणाशी खेळायचं, हे आम्ही कधीच ठरवलं नाही. पावसाळ्यात विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं वेळापत्रक यायचं. झोन कोणता, यजमान कॉलेज कोणतं, तारखा कोणत्या, सगळं छापलेलं असायचं. आम्ही इलिजिबिलिटी फॉर्म भरायचो, प्राचार्यांची सही आणि शिक्का घ्यायचो, एसटीच्या वेळा बघायचो. पहिल्याच फेरीत जिल्ह्याच्या ठिकाणचं मोठं कॉलेज समोर आलं, की कबड्डीची बारा पोरं सकाळच्या पहिल्या गाडीने जाऊन दुपारच्या गाडीने परत. वर्षभर मैदानावर घाम गाळायचा आणि चाळीस मिनिटांत हंगाम संपायचा. समोरचा संघ आपल्यासारख्याच मुलांचा आहे का, ती मुलं कुठून आणि कशी आली, हे विचारायची सोयच नव्हती.

एका वर्षी आमच्याकडेही एक चढाईपटू आला. दोन-तीन कॉलेजं फिरलेला. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश. फी कुणीतरी भरलेली. तो वर्गात एकदाही बसला नाही. आम्ही झोन जिंकलो, पेढे वाटले, वर्तमानपत्रात फोटो आला. त्याच संघातला दुसरा एक मुलगा दोन वर्षं रोज पहाटे सरावाला आला होता. तो अंतिम सामना बाकावर बसून बघत होता. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर यायचा बंद झाला आणि मी त्याला बोलवायला गेलो नाही. या पुस्तकाची सुरुवात त्या बाकापासून झाली.

पुस्तकाचा विषय मात्र आपल्यापासून फार लांबचा आहे. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या अकरा लहान कॉलेजांनी खेळासाठी केलेला करार, आणि त्या करारातून उभी राहिलेली संस्था. तिचं पूर्ण नाव न्यू इंग्लंड स्मॉल कॉलेज ॲथलेटिक कॉन्फरन्स. तिकडे सगळे तिला ‘नेस्कॅक’ म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. कॉन्फरन्स या शब्दाने इथे अडखळायला होतं, कारण आपल्याला त्यातून परिषद, व्यासपीठ आणि शोधनिबंध दिसतात. अमेरिकन कॉलेजच्या खेळात कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी एकमेकांशी, एकाच नियमाने खेळायचं कबूल केलेल्या कॉलेजांचा गट. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर ती सोयरीक आहे. घराणी बघून, चालीरीती जुळतात का हे विचारून केलेली. तिथे प्रत्येक कॉलेज स्वतःच ठरवतं की आपले बरोबरीचे कोण. माझ्यासाठी ही गोष्टच नवी होती. तिच्यामुळे मी या कॉलेजांच्या इतिहासात शिरलो, तो अजून बाहेर आलेलो नाही.

आधी घराणी सांगतो. मेन राज्यात बोडिन, बेट्स आणि कोल्बी, मॅसॅच्युसेट्समध्ये ॲमहर्स्ट, विल्यम्स आणि टफ्ट्स, कनेक्टिकटमध्ये ट्रिनिटी, वेस्लियन आणि कनेक्टिकट कॉलेज, व्हरमाँटमध्ये मिडलबरी, आणि न्यू यॉर्क राज्यात हॅमिल्टन, जे न्यू इंग्लंडच्या हद्दीत बसतच नाही, पण सोयरिकीत आहे. बॉस्टनला खेटून असलेलं टफ्ट्स बऱ्यापैकी मोठं आहे. बाकीची बहुतेक कॉलेजं दोन-तीन हजार विद्यार्थ्यांच्या आसपासची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम ज्युनिअर कॉलेजएवढी. पण एवढ्याशा कॉलेजात तीसच्या आसपास खेळांचे संघ असतात. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असावी असं वाटलं. चूक नव्हती. दर तीन विद्यार्थ्यांपैकी साधारण एक जण कॉलेजच्या कुठल्या ना कुठल्या संघात असतो. हजारो प्रेक्षकांची स्टेडियम आणि दूरदर्शनचे करार असलेल्या मोठ्या विद्यापीठांत हे प्रमाण कितीतरी कमी असतं. लहान कॉलेजात खेळ हा थोड्या निवडक मुलांपुरता कोपऱ्यात राहतच नाही, तो कॉलेजच्या अंगभर पसरतो. म्हणूनच त्याचे नियम तिथे जास्त जपून करावे लागतात.

या घराण्यांचं आपसातलं नातं कॉन्फरन्सपेक्षा फार जुनं आहे. विल्यम्स 1793 सालचं. त्याचे अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर 1821 मध्ये काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन बाहेर पडले आणि नव्याने निघालेल्या ॲमहर्स्टचे पहिले अध्यक्ष झाले. विल्यम्सच्या लोकांना ही भाऊबंदकी अजून विसरता आलेली नाही. 1 जुलै 1859 रोजी पिट्सफील्ड गावात ही दोन कॉलेजं बेसबॉल खेळली. अमेरिकेतला हा पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना. तो जुन्या मॅसॅच्युसेट्स नियमांनी झाला आणि ॲमहर्स्टने 73–32 असा जिंकला. मला त्या धावांपेक्षा दुसऱ्या दिवसाचं अप्रूप जास्त. त्याच दोन कॉलेजांमध्ये दुसऱ्या दिवशी बुद्धिबळाचा सामना झाला, तोही ॲमहर्स्टने जिंकला. बॅट घेतलेल्या मुलांइतकाच पटावर बसलेल्या मुलांनाही कॉलेजची अब्रू राखायची होती. या दोघांमधला फुटबॉल 1884 पासून चालू आहे. वेस्लियन धरून हे तिघे ‘लिटल थ्री’ म्हणवतात.

फुटबॉल म्हणजे तिथला अमेरिकन फुटबॉल, अंगावर धडकण्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खेळात दरवर्षी मुलं मरत होती. नोव्हेंबर 1905 मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात युनियन कॉलेजचा एक खेळाडू डोक्याला मार लागून गेला. त्यानंतर न्यू यॉर्क विद्यापीठाच्या कुलपतींनी इतर कॉलेजांची बैठक बोलावली, आणि त्या हालचालींतून आजची राष्ट्रीय संघटना, एनसीएए, जन्माला आली. युनियन हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे या गोष्टीत ते दोनदा येणार आहे.

मुलांचा जीव वाचवण्यासाठी नियम झाले. पण पैसा आणि भरती यांचा प्रश्न तसाच राहिला. 1929 मध्ये कार्नेगी फाउंडेशनने कॉलेजच्या खेळांवर मोठा अहवाल काढला. खेळाडूंना कधी आडून, कधी उघडपणे पैसे देऊन, नोकऱ्या दाखवून, शिष्यवृत्त्यांच्या नावाखाली कॉलेजात कसं आणलं जातं, याचा तपशील त्यात पानोपानी होता. दुसऱ्या महायुद्धानंतर एनसीएएने खेळासाठीच्या पैशांवर बंधन घालणारी आचारसंहिता आणली, ती 1951 मध्ये मोडीत निघाली. त्याच वर्षी बास्केटबॉलमध्ये पैसे घेऊन गुणांचा फरक ठरवून दिल्याची प्रकरणं उघडकीला आली. हा सगळा काळ मी मुद्दाम विस्ताराने लिहिला आहे, कारण 1955 चा करार शांत हवेत बसून केलेला नव्हता. बाजार वाढत होता, आणि एकट्या कॉलेजने त्यातून बाजूला व्हायचं तर हरण्याची तयारी ठेवावी लागत होती. एका शेतकऱ्याने फवारणी थांबवली तर कीड त्याच्याच शेतावर येते. शेजारच्या चौघांनी मिळून ठरवलं तर गोष्ट वेगळी होते. 1955 मध्ये ॲमहर्स्ट, बोडिन, वेस्लियन आणि विल्यम्स या चौघांनी तसं ठरवलं. खेळाचा कार्यक्रम शिक्षणाच्या हेतूशी सुसंगत असला पाहिजे, हा त्या करारातला गाभा.

हेच तत्त्व घेऊन 1971 मध्ये कॉन्फरन्स उभी राहिली. तेव्हाचे सभासद अकरा: ॲमहर्स्ट, बेट्स, बोडिन, कोल्बी, हॅमिल्टन, मिडलबरी, ट्रिनिटी, टफ्ट्स, युनियन, वेस्लियन, विल्यम्स. नियम साधे आहेत, पण पाळायला फार कठीण. खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती नाही. मदत मिळेल ती घरची परिस्थिती बघून, खेळाडूला आणि बिनखेळाडूला एकाच मापाने. प्रशिक्षकाने शाळकरी खेळाडूच्या घरी जाऊन गळ घालायची नाही. सराव ठरलेल्या तारखेआधी सुरू करायचा नाही, सामन्यांची संख्या वाढवायची नाही. संघातली मुलं ही कॉलेजातल्या एकूण मुलांसारखीच असली पाहिजेत, खेळासाठी आणलेली वेगळी जमात नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, खेळाच्या धोरणावर शेवटचा शब्द कॉलेजांच्या अध्यक्षांचा. प्रशिक्षकांचा नाही, क्रीडा संचालकांचा नाही, देणग्या देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचाही नाही.

मी स्वतः क्रीडाशिक्षक. हे शेवटचं कलम वाचून मला आधी राग आला होता. खेळातलं अध्यक्षांना काय कळतं? पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं की माझ्यासारख्या माणसाला विजय नाकारण्याचा अधिकार कधीच परवडत नाही. बढती, बजेट, पुढच्या वर्षीचे बूट आणि जर्सी, सगळं ट्रॉफीला बांधलेलं असतं. त्या चढाईपटूला मी नको म्हणायला हवं होतं, हे खरं. पण नको म्हटल्यावर माझ्या पाठीशी उभं राहण्याचं बंधन कुणावर तरी असायला हवं होतं. नेस्कॅकने ते बंधन सर्वांत वरच्या खुर्चीवर घातलं.

करार लिहिणं सोपं, पाळणं अवघड. पहिला तडा सहा वर्षांत गेला. युनियन कॉलेजने आइस हॉकीत मोठी उडी घ्यायचं ठरवलं, व्यावसायिक हॉकीपर्यंत जाऊन आलेला नामवंत प्रशिक्षक आणला. खेळाडूंच्या भरतीवरून कॉन्फरन्सशी वाद झाला आणि 1977 मध्ये युनियन बाहेर पडलं. पुढे ते हॉकीत सर्वोच्च विभागात, डिव्हिजन वनमध्ये गेलं, आणि एप्रिल 2014 मध्ये फिलाडेल्फियात मिनेसोटासारख्या बलाढ्य विद्यापीठाला 7–4 ने हरवून राष्ट्रीय विजेतं झालं. हे प्रकरण लिहिताना मी सगळ्यात जास्त अडलो. युनियनने चूक केली असं मी म्हणू शकत नाही. एवढ्याशा कॉलेजचा तो विजय वाचताना माझ्याही अंगावर काटा आला. सोयरीक मोडणाऱ्याचंही भलं होऊ शकतं. पण सोयरीक टिकवणाऱ्या दहांनी त्या एका विजयासाठी नियम सैल केले नाहीत, हेही तितकंच खरं. दोन्ही बाजू पुस्तकात पूर्ण दिल्या आहेत.

युनियनच्या जागी 1982 मध्ये कनेक्टिकट कॉलेज आलं. त्याच्या येण्यामागची गोष्ट खेळापेक्षा मोठी आहे. वेस्लियनने 1872 पासून मुलींना प्रवेश दिला होता; 1909 मध्ये तो बंद करायचं ठरवलं. त्या निर्णयाने चिडलेल्या लोकांनी न्यू लंडन गावात 1911 साली मुलींचं कॉलेज काढलं. तेच कनेक्टिकट कॉलेज. 1969 मध्ये तिथे मुलगे आले, वेस्लियनमध्ये 1970 मध्ये मुली परत आल्या. आता दोघांचे संघ एकमेकांशी दरवर्षी खेळतात. कॉन्फरन्स स्थापन झाली त्या 1971 सालात ॲमहर्स्ट आणि हॅमिल्टन ही अजून फक्त मुलांची कॉलेजं होती, आणि बोडिनने मुलींना दार नुकतंच उघडलं होतं. त्या दारातून आलेल्या पहिल्या काही वर्गांतली एक मुलगी जोन बेनॉइट. ती 1979 ला बोडिनमधून पदवी घेऊन बाहेर पडली आणि 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांची पहिलीवहिली मॅरेथॉन तिने जिंकली.

सभासदत्वाचे इतर तपशील थोडक्यात. हॅमिल्टन स्थापनेपासून सभासद असूनही बरीच वर्षं त्याचे अनेक संघ न्यू यॉर्कमधल्या दुसऱ्या गटात खेळत होते. 2011 मध्ये ते पूर्णपणे इकडे आलं. कनेक्टिकट कॉलेज फुटबॉल खेळत नाही. म्हणून फुटबॉलला दहाच संघ. हंगाम आठ सामन्यांचा होता, त्यामुळे प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडत नव्हती. 2017 मध्ये एक सामना वाढवून नऊ केले तेव्हा ती पडू लागली. एक सामना वाढवायला एवढी वर्षं लागली, यावरून या लोकांचा चिवटपणा कळावा.

चिवटपणाची खरी परीक्षा राष्ट्रीय स्पर्धांवरून झाली. स्थापनेनंतर दोन दशकं नेस्कॅकचे संघ एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धांत जात नसत. हंगामात एकही सामना न हरलेला संघ शेवटच्या सामन्यानंतर बूट धुऊन परीक्षेच्या अभ्यासाला लागायचा. परीक्षांच्या काळात प्रवास नको, खेळाचं ओझं वाढायला नको, ही अध्यक्षांची भूमिका. मुलांना ती जाचली. त्या मुलांचं दुःख मला कळतं, कारण आपण देशात कितवे आहोत हे कळण्याची भूक खेळाडूची खरी भूक असते, तिला हाव म्हणणं अन्याय आहे. 1993 मध्ये अध्यक्षांनी प्रयोग म्हणून दार उघडलं. मिडलबरीच्या मुलांच्या आइस हॉकी संघाने 1995 ते 1999 अशी सलग पाच राष्ट्रीय विजेतेपदं आणली. लहान कॉलेजांच्या डिव्हिजन थ्रीमध्ये वर्षभराच्या एकूण कामगिरीसाठी दिला जाणारा डायरेक्टर्स कप 1996 पासून विल्यम्सने इतक्या वेळा नेला की बाकीच्यांनी दुसऱ्या क्रमांकासाठी खेळावं असं वाटत राहिलं. स्वतःला आवळून घेतलेल्या कॉलेजांना खेळता येत नाही, ही समजूत त्यातून पुसली गेली.

पण याच यशातून नवा प्रश्न उभा राहिला, आणि तो मी लपवणार नाही. प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन यांनी 2001 आणि 2003 मध्ये सहलेखकांबरोबर दोन पुस्तकं लिहिली. आकडेवारीच्या आधारे त्यांनी दाखवलं की अशा निवडक कॉलेजांतही प्रशिक्षकांच्या यादीतल्या मुलांना प्रवेशात मोठा फायदा मिळतो, आणि पुढे ती मुलं अभ्यासात त्यांच्याकडून अपेक्षित असलेल्या पातळीखाली राहतात. शिष्यवृत्ती नाही, घरी जाऊन गळ नाही, तरीही प्रवेशाच्या खोलीत खेळाचं वजन पडतच होतं. शिवाय स्क्वॉश, लक्रॉस, रोइंग हे खेळ ज्या घरांतली मुलं लहानपणापासून शिकतात ती घरं बहुतेक पैसेवाली. म्हणजे दारात पैसे न मोजताही दार कुणासाठी जास्त उघडं राहतं, हा प्रश्न उरतो. अध्यक्षांनी त्यानंतर अशा जागांना मर्यादा घातल्या. मला त्या पुरेशा वाटत नाहीत, आणि पुस्तकाच्या उत्तरार्धात मी तसं स्पष्ट म्हटलं आहे.

स्क्वॉशवरून आपल्या बाजूचा एक धागा निघतो. ट्रिनिटीच्या पुरुष संघाने 1998 ते 2012 या काळात सलग 252 सामने जिंकले. अमेरिकन कॉलेजच्या खेळात एवढी लांब मालिका दुसऱ्या कुणाची नाही. जानेवारी 2012 मध्ये येलने 5–4 ने ती तोडली. त्या संघांतले कितीतरी खेळाडू परदेशातून आलेले होते, त्यांत भारतातलीही मुलं होती. दुसरा धागा याहून दोनशे वर्षं जुना. 1806 मध्ये विल्यम्सच्या पाच विद्यार्थ्यांनी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून प्रार्थना केली, आणि त्या हालचालीतून अमेरिकेचं परदेशी मिशन निघालं. विल्यम्समध्ये 1808 साली शिकून बाहेर पडलेले गॉर्डन हॉल आणि त्याच साली युनियनमधून निघालेले सॅम्युएल नॉट हे दोघं फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. नॉट आजारपणामुळे लवकरच परतले. हॉल मराठी शिकले, बायबलच्या नव्या कराराच्या मराठी भाषांतराला हात घातला, आणि 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने गेले. अमेरिकन मराठी मिशन इथूनच सुरू झालं, आणि पुढे अहमदनगरच्या शाळांपर्यंत पोचलं. या माणसांना मुंबईच्या किनाऱ्यावर पाठवणारी दोन कॉलेजं पुढे एका खेळाच्या करारात एकत्र आली आणि वेगळी झाली, हे मला पुस्तक अर्धं लिहून झाल्यावर कळलं. तोवर मी त्यांना परकी समजत होतो.

पुस्तकात सामन्यांची वर्णनं कमी आहेत. बैठकी, नियमांचे मसुदे, आत आलेले आणि बाहेर गेलेले सभासद यांना जास्त जागा दिली आहे. खेळाची आवड असलेल्या वाचकाला सुरुवातीला ते कोरडं वाटेल, तरी त्याने युनियनच्या प्रकरणापर्यंत धीर धरावा अशी विनंती आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. चढाईपटूच्या त्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी आमच्या परिसरातल्या पाच लहान कॉलेजांचे क्रीडाशिक्षक एका चहाच्या टपरीवर बसलो होतो. ठरवलं की दिवाळीनंतर दर शनिवारी आपण पाचजण आपसात कबड्डी आणि खो-खो खेळू. प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ, मुलं फक्त त्या त्या गावातली नियमित विद्यार्थी, हजेरी दाखवल्याशिवाय मैदानात पाय नाही. बाहेरून आणलेला खेळाडू कुणी उतरवला तर सामना तिथेच थांबवायचा. बाकावरून उठून गेलेल्या त्या मुलाची मला तेव्हा आठवण झाली. तो एव्हाना पदवी घेऊन गाव सोडून गेला होता. दोन हंगाम आम्ही खेळलो. इतका गर्दीचा आणि इतका भांडणाविना झालेला खो-खो मी पुन्हा बघितला नाही. तिसऱ्या वर्षी एका कॉलेजात नवे प्राचार्य आले, त्यांना ट्रॉफी हवी होती, आणि आमच्या शनिवारांना ट्रॉफी नव्हती. त्यांचा संघ आला नाही. मग दुसरा आला नाही.

तो करार आम्ही वहीच्या पानावर लिहिला होता. ते पान अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर पाच क्रीडाशिक्षकांच्या सह्या आहेत. प्राचार्यांची एकही नाही.